कुत्र्याच्या अंगावर पाच, घरात पंच्याण्णव

या वेळच्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रं पिसवा आणि जंत यांवरची निघाली, आणि जवळजवळ सगळी लहान चणीच्या कुत्र्यांच्या घरांतून आलेली. बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच: ‘डॉक्टर, दर महिन्याचा खर्च झेपत नाही.’ मला ते पटतं. छोटी कुत्री तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि एकच औषध तीन-तीनदा विकत घ्यायची वेळ आलेली माणसं मी रोज पाहते. पहिल्या वेळी ते वजन न करता दिलेलं असतं, नाहीतर आंघोळीच्या दिवशी टाकलेलं असतं, नाहीतर कुत्र्याला औषध दिलं पण त्याचं अंथरूण तसंच राहिलेलं असतं. म्हणून आज सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: आमच्या कुत्रीचं वजन पावणेचार किलो, केस लांब. पिसवा झाल्या म्हणून मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब आणले. शनिवारी टाकले आणि रविवारी नेहमीसारखी शाम्पूने आंघोळ घातली. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा पिसवा. महिन्याने दुसरी ट्यूब टाकली, तरी तेच. औषध नकली असेल का? की आता ती महागडी चघळायची गोळीच द्यायला हवी?

उत्तर: ताई, औषध बहुधा चांगलं आहे. रविवारच्या आंघोळीने त्याचं काम बिघडवलं. फिप्रोनिल कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं आणि केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठतं. तिथून ते महिनाभर थोडं थोडं बाहेर येत राहतं. शाम्पू नेमका तो तेलकट थर धुऊन नेतो. थेंब टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळा. तुमचं आंघोळीचं वेळापत्रक मोडायचं नसेल तर आंघोळीनंतर मधल्या वारी, म्हणजे बुधवारी टाका.

टाकण्याची पद्धतही पाहा. लांब केसांच्या कुत्र्यांत अर्धं औषध केसांनाच लागतं आणि तिथेच सुकतं. मानेच्या मागे, तिची जीभ पोचणार नाही अशा जागी, दोन्ही अंगठ्यांनी केसांचा भांग पाडा. गुलाबी कातडीची रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. ट्यूबचं टोक त्या रेघेवर टेकवून मग दाबा. घरात कुणीतरी तिचं तोंड समोरून धरून तिच्याशी बोलत राहिलं तर हे काम अर्ध्या मिनिटात होतं.

आता मुख्य गोष्ट. कुत्रीच्या अंगावर तुम्हाला ज्या पिसवा दिसतात त्या घरातल्या सगळ्या पिसवांच्या साधारण ५ टक्के असतात. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याच्या खाचेत, फरशीच्या भेगेत असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत, त्यामुळे कुत्री जिथे झोपते, अंग झटकते, उडी मारते तिथे मिठाच्या कणांसारखी गळून पडतात. अंड्यातून निघालेली अळी उजेडापासून पळते आणि खाली, आत, धाग्यांच्या मुळाशी जाते. तिथे ती पिसवांची विष्ठा खाऊन वाढते. मग ती स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्या कोषाला धूळ आणि तंतू चिकटतात, आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो.

हा कोषच तुमच्या दोन ट्यूब वाया गेल्यासारख्या वाटण्याचं खरं कारण आहे. कोषाच्या आत कुठलंही फवारलेलं औषध नीट पोचत नाही. आतली पिसू पूर्ण तयार होऊनही महिनोन्महिने गप्प बसू शकते. ऊब, हादरा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळून जिवंत प्राणी जातोय याची खूण मिळाली की ती काही क्षणांत बाहेर उडी मारते. घर महिनाभर बंद ठेवून परत आलेल्या माणसांच्या पायांना दार उघडताच पिसवा चावतात, त्या याच. तुमच्या कुत्रीवर आठवड्याने ज्या पिसवा दिसल्या, त्यांतल्या बऱ्याच अशा नव्याने कोषातून निघालेल्या होत्या. चांगलं औषध अंगावर असेल तर त्या मरतातच, पण मरायच्या आधी तुमच्या नजरेस पडतात.

म्हणून हा सगळा कार्यक्रम सलग तीन महिन्यांचा धरा. ठरलेल्या दिवशी, महिना न चुकवता, थेंब टाका. पहिला महिना बरा गेला म्हणून दुसरा सोडला की कोषातल्या पिसवांना पुन्हा मोकळं रान मिळतं, आणि पहिल्या ट्यूबचे पैसेही जातात. दर आठवड्याला तिचं अंथरूण, पांघरूण, तिच्या बसायच्या उश्यांचे अभ्रे ६० अंश तापमानाच्या गरम पाण्यात धुवा. उचलताना ते झटकू नका, चारही कोपरे आत दुमडून गाठोड्यासारखं न्या, नाहीतर अंडी वाटेत सांडतात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड फिरवा. सोफ्याच्या खाचा, पलंगाखालची जागा आणि भिंतीच्या कडा विसरू नका. त्याच्या हादऱ्यानेही कोष फुटतात, पिसवा बाहेर येतात आणि औषध टाकलेल्या कुत्रीवर जाऊन मरतात. आपल्याला तेच हवं आहे. धूळ लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर कोपऱ्यांत ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि जमत असेल तर तीन महिन्यांपुरता गालिचा गुंडाळून ठेवा. घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्यालाही त्याच दिवशी औषध, पण मांजराचं वेगळं.

फणीचं महत्त्व मला फार वाटतं. उवा-लिखा काढायची बारीक दातांची फणी चालते. रोज पाच मिनिटं शेपटीच्या मुळापासून, कमरेवरून, मांड्यांच्या आतून फिरवा आणि जवळ साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवा. फणीत अडकलेली पिसू बोटाने चिरडू नका, पाण्यात बुडवा. साबणामुळे ती तरंगू शकत नाही. फणीत काळे, मिऱ्याच्या भुकटीसारखे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. मिनिटभरात भोवती तांबूस-लाल कडं उमटलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या कुत्रीचंच पचलेलं रक्त. साध्या मातीचं असं कडं पडत नाही. फणीत किती पिसवा आल्या ते कॅलेंडरवर लिहीत जा. औषध लागू पडतंय का, हे सांगणारी याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

गोळीबद्दल. फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर या गटातल्या गोळ्या उत्तम काम करतात, त्यांना आंघोळीने फरक पडत नाही, काहींचा परिणाम महिनाभर तर काहींचा तीन महिने टिकतो. कुत्रीला पिसवांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी असेल, कमरेवरचे आणि शेपटीच्या मुळाशी असलेले केस झडून कातडी लाल झाली असेल, तर मी स्वतः आधी गोळीच सुचवते, कारण अशा कुत्रीला दोन-चार चावेही महागात पडतात. तुमच्या कुत्रीचं तसं काही दिसत नाही. थेंब नीट टाकून तीन महिने पाहा. आणखी एक: झटके येणाऱ्या कुत्र्यांना या गटातली गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २०१८ साली याच कारणासाठी सावधगिरीची सूचना काढली होती.

प्रश्न: माझं वय ७१. आमचा छोटा कुत्रा आठ वर्षांचा आहे, जेवतो-खेळतो, वजन बरं आहे. त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं पांढरं, वळवळणारं काहीतरी दिसतं. चार महिन्यांत तीनदा जंताचं औषध दिलं. दोन-तीन आठवडे जातं, पुन्हा येतं. शी तपासून आणली, तर रिपोर्टमध्ये काहीच नाही. आता काय करावं?

उत्तर: काका, तुम्ही ‘वळवळणारं’ हा शब्द लिहिलात म्हणून निदान सोपं झालं. हे चपट्या, फितीसारख्या जंताचे तुटून पडलेले तुकडे आहेत. ओले असताना हलतात, वाळले की तिळासारखे किंवा काकडीच्या बीसारखे दिसतात. अंथरुणावर असे वाळलेले दाणे सापडतात का पाहा. या जंताची अंडी त्या तुकड्यातच पुड्या बांधल्यासारखी असतात, शीमध्ये सुटी मिसळत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत तो बऱ्याचदा सापडत नाही. रिपोर्ट कोरा आला तरी तुमचे डोळे खरे. तुकडा सापडला तर छोट्या डबीत घालून डॉक्टरांना दाखवा.

हा जंत पिसवेतून येतो. अंथरुणातली पिसवेची अळी जंताची अंडी गिळते, अळीची पिसू होते, कुत्रा खाजवताना चावून ती पिसू गिळतो, आणि दोन-तीन आठवड्यांत आतड्यात नवा जंत तुकडे टाकायला लागतो. औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी ‘पुन्हा येतं’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचा हिशोब इथे तंतोतंत जुळतो.

ही गोष्ट मी फार कष्टाने शिकले. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक कुटुंब त्यांच्या साडेचार किलोच्या कुत्र्याला घेऊन माझ्याकडे असंच तीनदा आलं होतं. तीनही वेळा मी गोळी लिहून दिली. गोळी बरोबर होती, मात्रा बरोबर होती. चौथ्या वेळी त्यांच्यातल्या आजींनी टेबलावर त्याला थोपटताना केस मागे सारले आणि मला दिसली ती एकच पिसू, कमरेवरून मांडीकडे सरकलेली. मी तीन वेळा त्याची शेपटी उचलून पाहिली होती, पण पाठीवरचे केस एकदाही विस्कटून पाहिले नव्हते. त्यांचे तीन वेळचे पैसे माझ्या त्या एका चुकीमुळे गेले. तेव्हापासून जंताची तक्रार घेऊन कुणी आलं की माझा हात आधी फणीकडे जातो.

तर काका, आधी वरच्या पत्रात सांगितलेली ओल्या कापसाची परीक्षा करा. पिसवा दिसल्या नाहीत तरी काळे कण दिसतील. काही कुत्री चाटून-चावून अंग इतकं साफ ठेवतात की एकही पिसू हाती लागत नाही, आणि नेमक्या त्याच कुत्र्यांच्या पोटात हा जंत असतो. दुसरं, औषधाच्या वेष्टनावर आतला घटक वाचा. या जंतावर प्राझिक्वान्टेल लागतं, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम. नुसतं पायरँटेल यावर चालत नाही. फेनबेन्डाझोलही या विशिष्ट जंतावर निरुपयोगी आहे, बाकी पुष्कळ जंतांवर ते चांगलं असलं तरी. प्राझिक्वान्टेल आज पोटात असलेला जंत मारतं, पण उद्या गिळलेल्या पिसवेवर त्याचा काही इलाज नसतो. म्हणून पिसवांचं औषध आणि प्राझिक्वान्टेल एकाच दिवशी सुरू करा. पिसवा आटोक्यात आल्या की ही गोळी दर महिन्याला विकत घ्यावी लागणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे चार-चार किलोची दोन कुत्री आणि एक मांजर. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून तीन भाग केले तर बरंच स्वस्त पडतं. मैत्रीण तसंच करते. करू का?

उत्तर: मांजराचं आधी सांगते, कारण तिथे जीव जाऊ शकतो. कुत्र्यांच्या अनेक थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यू, हे सगळं काही तासांत होऊ शकतं. परमेथ्रिन लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटतं, त्याला बिलगून झोपतं, तेवढंही धोक्याचं आहे. तुमच्या घरात परमेथ्रिन आणूच नका.

राहिली दोन कुत्री. अंदाजाने भाग करू नका. थेंब मोजून पडत नाहीत, एकाला कमी आणि एकाला जास्त जातं. उघडलेली ट्यूब ठेवली की द्रावण उडून जातं. गोळ्यांचे तुकडे करण्यातही असाच घोटाळा होतो: गोळीत औषध सगळीकडे सारखं मिसळलेलं असेलच असं नाही. पैसे वाचवायचे असतील तर डॉक्टरांना सांगा, ‘कंपनीचं नाव नको, घटकाचं नाव लिहून द्या.’ जुने, साधे घटक अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांत फार फरक असतो तो किमतीत. तीन किंवा सहा ट्यूबचं एकत्र पाकीट बऱ्याचदा सुट्या ट्यूबपेक्षा स्वस्त पडतं, फक्त मुदतीची तारीख पाहून घ्या.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली आहेत, ती तीन आठवड्यांची आहेत. त्यांची पोटं फुगली आहेत आणि एकाने दोऱ्यासारखा लांब पांढरा जंत ओकला. आई म्हणते इतक्या लहान पिल्लांना औषध देत नाहीत. खरं आहे का?

उत्तर: तू हे पाहिलंस आणि लगेच लिहिलंस, फार चांगलं केलंस. आईला सांग, याच वयात औषध द्यायचं असतं. तू पाहिलेला तो गोल जंत, टॉक्सोकारा. तो पिल्लाला मातीतून लागण्याची वाट पाहत नाही. पिल्लांच्या आईच्या शरीरात त्याच्या अळ्या झोपलेल्या असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत शिरतात. काही दुधातूनही जातात. म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पोटात जंत आहेत असंच धरून चालायचं.

औषध दोन आठवड्यांच्या वयाला सुरू होतं, मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला. त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. तुमचा पहिला डोस हुकलाय, तेव्हा याच आठवड्यात सुरू करा. पिल्लांसाठी बहुतेक वेळा पायरँटेलचं पातळ औषध देतात, ते स्वस्तही असतं आणि सुरक्षितही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक पिल्लू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोज: काट्यावर खोलगट डबा ठेव, काटा शून्यावर आण, मग पिल्लू डब्यात. चारही वजनं ग्रॅममध्ये लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. पिल्लांच्या आईलाही त्यांच्याबरोबरच औषध द्यायचं, कारण ती त्यांची शी चाटून साफ करते.

पिल्लांवर पिसवा असतील तर मोठ्यांच्या औषधाला हात लावू नकोस. बरेचसे थेंब आणि गोळ्या आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी नसतात. तू फणी फिरव, अंथरूण रोज बदल, आणि त्यांच्या आईवर चालणारं औषध डॉक्टरांकडून घ्या. आंघोळ घालावीच लागली तर कोमट पाणी, दोन मिनिटं, आणि लगेच टॉवेलने कोरडं करून उबेत ठेवायचं. इतकी छोटी पिल्लं फार पटकन गार पडतात.

आणि तुझ्यासाठी एक काम. पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, विशेषतः जेवायच्या आधी. या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात भटकतात, क्वचित डोळ्यापर्यंत जातात, आणि मुलांना हा धोका जास्त असतो. पण घाबरून पिल्लांना दूर ठेवायचं कारण नाही. ताज्या शीमधली अंडी लगेच बाधत नाहीत, ती पक्व व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे रोजची शी रोज उचललीस की ती अंडी धोक्याची होण्याआधीच गेलेली असतात. मातीत राहिली तर मात्र ती वर्षानुवर्षं टिकतात.

प्रश्न: जनावरांच्या औषधाची बाटली मिळते, आयव्हरमेक्टिन. एका बाटलीत आमच्या तीन किलोच्या कुत्र्याचं आयुष्य निघेल असं एकाने सांगितलं. पिसवा आणि जंत दोन्ही जातात म्हणे. आणि लसूण खायला घातला तर पिसवा येत नाहीत, हे खरं का?

उत्तर: दोन्हींना नाही, आणि मनापासून विनंती करून नाही.

आयव्हरमेक्टिन हे थोर औषध आहे. ते शोधल्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण पिसवा त्याने मरत नाहीत. कुत्र्यांत ते हृदयातल्या जंताची लागण टाळण्यासाठी महिन्याला एकदा देतात, आणि त्याची मात्रा किती बारीक असते पाहा: किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. तुमच्या कुत्र्याला १८ मायक्रोग्रॅम पुरेत. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम असतात. इन्सुलिनच्या नव्हे, साध्या १ मिलिलिटरच्या सिरिंजवरची सगळ्यात बारीक रेघ ०.०१ मिलिलिटरची, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे हात जितका थोडं घेऊ शकतो तेवढंही त्याच्या मात्रेच्या पाचपटींहून जास्त. त्यात तोंडात जाताना एखादी रेघ पुढे-मागे झालीच. विषबाधा झाली की कुत्रा झोकांड्या देतो, लाळ गाळतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, शुद्ध जाते. यावर उतारा म्हणून हमखास औषध नाही. कुत्र्याला सलाईनवर ठेवून दिवसेंदिवस जपावं लागतं, आणि त्या खर्चात पाचेक वर्षांची नेहमीची औषधं आली असती. कोली, शेटलंड शीपडॉग यांच्या वंशात तर मेंदूचं या औषधापासून रक्षण करणाऱ्या जनुकातच बिघाड आढळतो. २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅटरिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. मिश्र जातीच्या छोट्या कुत्र्यात तो आहे की नाही, हे रूपावरून कळत नाही.

जनावरांच्या फेनबेन्डाझोलबद्दलही दोन पत्रं आहेत. हे औषध तितकं धोक्याचं नाही, पण बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात आणि घोळ तिथेच होतो. तीन किलोच्या कुत्र्याला किलोमागे ५० मिलिग्रॅमने १५० मिलिग्रॅम लागतात, सलग तीन दिवस. १० टक्क्यांच्या बाटलीतून ते दीड मिलिलिटर होतात, अडीच टक्क्यांच्या बाटलीतून सहा. बाटली बदलली आणि चमचा तोच ठेवला, की एकतर चौपट जातं नाहीतर पाव. बाटली डॉक्टरांना दाखवून त्यांच्याच हातची मात्रा लिहून घ्या.

लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. पिसवा आधीच रक्त पीत असतात, त्यात आपण लसूण घालून उरलेलं कमी करायचं, हे मला बघवत नाही. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, टी ट्री ऑइल, यांतलंही काही अंगाला लावू नका. गळ्यात बांधायच्या अल्ट्रासाउंडच्या पट्ट्यांचा पिसवांवर काही परिणाम होत नाही.

प्रश्न: आमची दोन किलोची कुत्री तीन दिवस मलूल आहे, कमी खाते. अंगावर पिसवा खूप आहेत. आधी थेंब टाकून आठवडाभर वाट पाहू का? डॉक्टरांची फी वाचली तर बरं.

उत्तर: हे पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. इथे छापते ते अशाच दुसऱ्या घरांसाठी.

दोन किलोच्या कुत्रीच्या अंगात सगळं मिळून साधारण १७० मिलिलिटर रक्त असतं, छोट्या पेल्याभर. सुमारे ७२ मादी पिसवा मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त पितात. लांब केसांत दोन-तीनशे पिसवा सहज लपतात, आणि हे रोज चालू असतं. त्यात पोटात अंकुशकृमी असतील तर तेही आतड्याला चिकटून रक्तच पितात. मोठ्या कुत्र्याला हे खाजेवर निभावतं, छोट्याला निभावत नाही.

तिचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोट दाबून सोडलं की पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी फिकट, पांढरट दिसली, ठसा भरून यायला वेळ लागला, शी डांबरासारखी काळी झाली, श्वास भराभर चालला, यांतलं एकही असेल तर वाट पाहायची नाही, आजच न्यायचं. पिल्लू असेल तर या तासाला. तिथे पिसवा झटपट मारायला नायटेनपायरामची गोळी मिळू शकते, तिचं काम अर्ध्या तासात सुरू होतं, पण ती जेमतेम एक-दोन दिवसच टिकते, म्हणून तिच्यामागून महिनाभराचं औषध लागतंच. रक्त फारच कमी असेल तर रक्त चढवावं लागतं.

निघताना चार गोष्टी बरोबर घ्या, म्हणजे तिथे वेळ आणि तपासण्या दोन्ही वाचतात: आजचं वजन, आजची ताजी शी बंद डबीत, गेल्या तीन महिन्यांत दिलेल्या प्रत्येक औषधाचं रिकामं वेष्टन, आणि तिला उचलून न्यायला पांढरा टॉवेल. तो टॉवेल डॉक्टरांसमोर उलगडा. त्याच्यावर वाटेत काय पडलंय, ते त्यांना लगेच दिसेल.